क्रिस्पसचा रिकामा खण

१

पुणतांब्याच्या मच्छिंद्र थोरे सरांच्या घरी चोरी झाली, आणि चोरानं नेलं काय, तर कपाटातली सगळ्यात स्वस्त वस्तू. अंगठ्याच्या नखाएवढं, हिरवट काळं पडलेलं काशाचं एक नाणं. वय सतराशे वर्षं हे खरं, पण रोमच्या उतरत्या काळात बादशहांनी असली नाणी इतकी पाडली की आजही हौशी लोकांकडे ती डबे भरून पडलेली असतात. त्याच कपाटात, त्याच लाकडी ट्रेमध्ये मॅग्नेन्शियस बादशहाचं मोठं, उठावदार नाणं होतं. जाणकार माणूस त्यासाठी सरांच्या दारात बसून राहिला असता. चोरानं त्याला बोटही लावलं नव्हतं.

सरांनी श्रीरामपूरला रोहिणी बनकरला फोन लावला. रोहिणी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाली होती. चांगल्या चांगल्या गुंडांना तिनं घाम फोडला होता, पण दहावीला सरांनी तिला इतिहास शिकवला होता, त्यामुळे त्यांचा फोन आला की ती आजही खुर्चीतून उठून उभी राहायची.

"रोहिणी, चोर मला ठाऊक आहे. तू फक्त ते सिद्ध करून दे."

"कोण, सर?"

"अजिनाथची बायको."

सून म्हणाले नाहीत, नावही घेतलं नाही. अजिनाथ हा सरांना उशिरा झालेला एकुलता एक मुलगा. अकरा वर्षांपूर्वी त्यानं पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुरांच्या घरातल्या रेश्माशी लग्न केलं, आणि सरांनी त्याच दिवशी "आमचा मुलगा वारला" असं गावात सांगून टाकलं. गेल्या वर्षी तो कर्करोगानं खरोखरच वारला. तेव्हा मात्र सरांनी कुणालाच काही सांगितलं नाही. रतनबाईंनासुद्धा, म्हणजे त्याच्या आईलासुद्धा, तेरावं उलटून कित्येक महिने गेल्यावर कळलं.

"रविवारी ती आली होती. घटकाभर त्या खोलीत एकटी होती. सोमवारी सकाळी नाणं गेलेलं," सर म्हणाले. "तक्रार लिहून ठेवली आहे. परवा सकाळी ठाण्यात नेऊन देणार. तोवर तू येऊन बघून घे. पोलीस माझ्या नाण्यांची नासधूस करतील."

"सर, मी येईपर्यंत ट्रेला हात लावू नका. आहे तसा राहू द्या."

फोन ठेवला तरी रोहिणी उभीच होती. रेश्मा कर्जतच्या दवाखान्यात कंत्राटी नर्स होती. चोरीची तक्रार झाली की कंत्राट पुढं चालू राहत नाही, हे रोहिणीला नोकरीमुळे पक्कं माहीत होतं. कोर्टातून माणूस निर्दोष सुटतो, पण तोवर त्याची नोकरी गेलेली असते आणि वॉर्डात प्रत्येक हरवलेल्या वस्तूला त्याचंच नाव लागलेलं असतं. नवरा गेलेल्या त्या पोरीकडे होतं तरी काय, ती नोकरी आणि तिचं नाव.

दुपारी पुणतांब्याला पोचून तिनं कपाट उघडलं आणि ट्रेकडे पाहताच तिच्या लक्षात आलं की चोर काहीतरी शोधत होता, आणि जे शोधत होता ते नाणं नव्हतं.

२

नाण्याच्या एका बाजूला बादशहाचा चेहरा असतो आणि दुसऱ्या बाजूला चित्र व टाकसाळीची खूण. सरांना नाद टाकसाळींचा. कुठलं नाणं कुठल्या शहरात पाडलं यावर ते तासभर बोलायचे. म्हणून त्यांच्याकडे सगळी नाणी चेहरा खाली करून, पालथी ठेवलेली असायची. प्रत्येक नाण्याला मखमलीचा छोटा खण आणि खणाखाली इंग्रजीत छापलेलं नाव.

कॉन्स्टंटाइन बादशहाच्या घराण्याची ओळ तिसरी. त्या ओळीतली पहिली चार नाणी चेहरा वर करून ठेवलेली होती. पाचवा खण रिकामा. सहाव्यापासून पुढची सगळी नाणी पुन्हा पालथी.

"ही चार तुम्ही उलटलीत, सर?"

"मी हात लावलेला नाही. तूच तशी ताकीद दिलीस."

पाचव्या खणाखाली नाव होतं क्रिस्पस. रोहिणीला शाळेतला तो तास आठवला. क्रिस्पस कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा, कर्तबगार, देखणा. बापाचा त्याच्यावरचा विश्वास उडाला आणि बापानं त्याला मारवलं. नंतर गावोगावच्या शिलालेखांवरून त्याचं नाव खरवडून काढलं. "पण नाणी लोकांच्या कनवटीला जाऊन बसली होती," असं म्हणून सर वर्गात हसायचे, "ती बादशहा परत कशी मागवणार?" आज त्यांनी हीच गोष्ट पुन्हा सांगितली, पण शेवटचं वाक्य सांगितलं नाही.

"सर, क्रिस्पसचं दुसरं नाणं पुण्याच्या प्रदर्शनात सहज मिळेल."

"मला हेच हवं."

"का?"

"हेच हवं म्हणजे हेच हवं. तू उलटतपासणी माझी घेतेस की तिची?"

रोहिणीची नजर पुन्हा ट्रेवर गेली. बाकीच्या खणांतली मखमल लालभडक होती. पाचव्या खणातली मखमल झिजून खालचे धागे दिसत होते. मागवल्यापासून क्वचित हात लागलेल्या त्या ट्रेमध्ये एक नाणं मात्र कुणीतरी फार वेळा उचललं होतं.

"बरं, रविवारी काय काय झालं ते सांगा."

सरांनी सांगितलं. दुपारी त्यांचा पुतण्या गोरक्षनाथ आणि अहिल्यानगरचे सूर्यभान शेटे आले होते. शेटे हे सरांसारखेच रोमन नाण्यांचे संग्राहक. नगरला प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठी नाण्यांचे फोटो काढून दोघं गेले. सर कपाट उघडं ठेवूनच बसले होते, तेवढ्यात रेश्मा दारात उभी राहिली. तिला तिथंच थांबवून सर आत गेले आणि "बाहेर यायचं नाही" असं रतनबाईंना बजावून परत आले. मग तिला बोलायचं ते बोलून तिला फाट्यावर घेऊन गेले आणि एसटीत बसेपर्यंत तिथं उभे राहिले.

"सोडायला गेलात?"

"परत फिरू नये म्हणून गेलो. आल्यावर कपाट बंद केलं. तेव्हा ट्रे पाहिला नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं."

रतनबाई चहा घेऊन आल्या. भिंतीवर एका चौकोनात रंग बाकीपेक्षा ताजा राहिला होता. तिथं पूर्वी फोटो असणार. रोहिणीनं तिकडं पाहिलेलं रतनबाईंनी पाहिलं.

"समदे जाळले," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाच्या दिशी. बारशापासूनचे."

सर खिडकीबाहेर बघत होते. रोहिणी निघाली तेव्हा रतनबाई दारापर्यंत आल्या आणि पदर तोंडाशी धरून त्यांनी विचारलं, "रोहिणी, तू रेश्माला भेटशील ना? कशी दिसती गं ती? मी त्या दिशी नुसता आवाज ऐकला."

३

गोरक्षनाथ बसस्टँडजवळच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करायचा आणि मोबाईलवरच जुनी नाणी विकायचा. काका त्याला व्यापारी म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत. चोरीचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

"ताई, काकांनी माजं नाव घेतलं का?"

"घेतलं नाही. घ्यायला हवं होतं का?"

"आवो, मी नाणी इकतो, म्हंजी पयला संशय माज्यावरच. पर क्रिस्पस कोन घेतंय इकत? माज्याकडं तसली वाटीभर हाय. मला चोरायचंच आसतं तर मॅग्नेन्शियस सोडला आसता का?" मग त्यानं मोबाईल पुढं केला. "ह्यो बघा. निगताना काडलेला फोटो. समदा ट्रे."

फोटोत तिसरी ओळ पूर्ण होती. पाचव्या खणात क्रिस्पस होता आणि सगळी नाणी पालथी होती. म्हणजे दोघं निघाले तोवर सगळं जागच्या जागी होतं.

"मग शेटेंना स्टेशनवर कोणी सोडलं?"

"मीच. गाडीवर." त्यानं मान खाजवली. "म्हंजी सोडनार हुतो. अर्ध्या वाटंतच ते म्हनले, चष्मा राह्यला, तू जा, मी घिऊन येतो. आन् चालत माघारी गेल्ते."

"एकटे?"

"व्हय. आन् ताई, एक सांगतो, माजं नाव सांगू नगा. परदर्शनात यकाच घराण्याची अखंड ओळ मांडायची हाय. काकांची मांडायची का शेट्यांची, यावर लई दिस घासाघीस चाल्लीय. काकांच्या वळीत यक जरी खण रिकामा आसला, तर शेट्यांची वळ लागनार."

स्वस्त नाणं नेऊन महागडं का सोडलं, या कोड्याला पहिल्यांदाच एक सरळ उत्तर मिळालं होतं. रोहिणीनं दुसऱ्या दिवशी नगरला जायचं ठरवलं, आणि रेश्माला फोन करून तिलाही माळीवाडा स्टँडवर यायला सांगितलं.

४

सूर्यभान शेट्यांनी काहीही नाकारलं नाही.

"गेलो होतो की परत. दारापर्यंत पोचलो आणि आतून थोरे सरांचा आवाज आला. असला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. एक बाई म्हणत होती, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, ते इथं गोदावरीवर करू द्या, त्यांची फार इच्छा होती. आणि सर म्हणत होते, कोण ते? मी कुणाला ओळखत नाही." शेट्यांनी मान हलवली. "माझी आत जायची छाती झाली नाही. तसाच स्टेशनवर गेलो. चष्मा अजून तिथंच आहे."

तो चष्मा रोहिणीनं कपाटावर पाहिला होता. आत गेला असता तर माणूस आधी तोच घेऊन आला असता. शिवाय चष्म्याशिवाय शेट्यांना समोरचं ताटसुद्धा नीट दिसत नव्हतं, हे त्यांनी तिला चहाऐवजी दुधाचा कप दिला त्यावरूनच कळलं.

"आणि ओळीचं म्हणाल," शेटे ओशाळून म्हणाले, "तर मी कालच कळवलं, सरांचीच मांडा. एवढं ऐकल्यावर स्पर्धा कसली करायची?"

माळीवाड्याच्या गर्दीत रेश्मा एका बाकड्याच्या टोकाला बसली होती. साधी, काटक, डोळ्यांखाली काळं. रात्रपाळी करून सरळ एसटीत बसली होती. रोहिणीनं सांगितलेलं सगळं तिनं मान खाली घालून ऐकलं आणि मग एवढंच म्हणाली, "क्रिस्पस गेलं?"

रोहिणी सावध झाली. नाण्याचं नाव तिनं अजून उच्चारलं नव्हतं.

"तुला कसं माहीत कुठलं नाणं?"

"दुसरं कुठलं आसनार? बाकीची कुनाला पायजेत?" रेश्मानं डोळे वर केले. "हे सांगायचे. ल्हानपनी बाबांचं मन खूश आसलं की बाबा त्यांना क्रिस्पस म्हनायचे. तोंडावळा सारखा हाय म्हनून. दवाखान्यात शेवटी शेवटी ग्लानीत आसताना म्हनायचे, बाबांनी क्रिस्पसला काढून तर नसंल टाकलं? मी म्हनायचे, न्हाई वो."

"त्या दिवशी तू तो ट्रे पाहिलास?"

"पायला. बाबा आत गेले तवा. मी नावं वाचत वाचत गेले. सी, आर, आय. खण सापडला. नाणं पालथं हुतं. लई वाटलं, उलटून बघावं, यांचा चेहरा दिसंल." तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. "पर न्हाई लावला हात. मला वाटलं, हात लावला तर चोर म्हनतील."

मागून कुठलीतरी एसटी हॉर्न देत निघाली. रोहिणीचं मन जड झालं. जगात हे स्वस्त नाणं जिवापाड हवं असेल असं माणूस तिच्यासमोर बसलं होतं. त्या माणसाला नाण्याची जागा माहीत होती, खोलीत ते एकटं होतं, आणि त्यानं स्वतःच ते कबूल केलं होतं. ठाण्यात हे सांगितलं तर पुढचं काही कुणी ऐकलंच नसतं.

"चल माझ्याबरोबर," रोहिणी म्हणाली. "आज माझ्याकडे राहा. सकाळी आपण पुणतांब्याला जाऊ."

"अटक करनार का ताई?"

रोहिणीनं तिची पिशवी उचलली.

५

कोड्याचं उत्तर राहुरीच्या पुढं, गाडी चालवताना मिळालं. शेजारी रेश्मा बसल्या जागी झोपली होती आणि तिचं बोलणं रोहिणीच्या डोक्यात फिरत होतं. नावं वाचत वाचत गेले. सी, आर, आय.

रोहिणीनं रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. मग तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिलं. कुठंच अडलं नाही. अडलं नाही याचंच तिला वाईट वाटलं. नोकरीत असताना कोडं सुटलं की ती चहा मागवायची. आज ते सुटू नये असं तिला वाटत होतं.

सकाळी रेश्माला ओट्यावर बसवून ती एकटीच घरात शिरली. सर बाहेर जायचे कपडे घालून तयार होते. शर्टाच्या खिशातून तक्रारीची घडी दिसत होती.

"दहा मिनिटं द्या, सर. काकूंना भेटून येते."

स्वयंपाकघरात चिंचेचा आंबूस वास होता. ना सण, ना वार, पण देवघरातले सगळे देव घासून लख्ख केलेले होते. सर देवधर्माच्या वाटेला जात नसत, देवघर सगळं रतनबाईंचं. खंडोबा, भवानी, घराण्यातले गेलेले पुरुष, सगळ्यांचे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले टाक ओळीनं मांडलेले. थोऱ्यांच्या घरची रीत होती, घरातला पुरुष अवेळी गेला तर वर्ष भरायच्या आत त्याचा टाक करून देवात बसवायचा. तोवर त्याला घरात जागा मिळत नाही असं समजत.

रतनबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. रोहिणी त्यांच्याशेजारी टेकली आणि तिनं शेवंतीची फुलं हळूच बाजूला केली. टाकांवरचे देव आणि पूर्वज समोर बघतात. फुलांआडचा एक नवा, बोटभर टाक बाजूला बघत होता. सरळ नाक, मानेवर कुरळे केस, आणि डोक्याला पानांची माळ, जी पुणतांब्यात कधी कुणी बांधली नसेल.

"काकू," रोहिणी म्हणाली, "हे सरांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

६

पुढच्या खोलीत सर खुर्चीत होते. रोहिणीनं रेश्माला दारात उभं केलं होतं. सर उठायला लागले तशी रोहिणी म्हणाली, "बसा, सर," आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांनी तिचं ऐकलं.

"गोरक्षनाथ आणि शेटे निघाले तेव्हा नाणं जागेवर होतं, फोटो आहे. शेटे परत आले पण आत आलेच नाहीत, त्यांचा चष्मा बघा तुमच्या कपाटावर. उरली रेश्मा. रेश्माला क्रिस्पस हे नाव माहीत आहे. ती इंग्रजी वाचते. प्रत्येक खणाखाली नाव छापलेलं आहे. तिला घ्यायचं असतं तर तिनं पाचव्या खणातून उचललं असतं आणि काम झालं असतं. आधीची चार नाणी उलटायचं तिला कारण काय?"

सरांनी कपाटाकडे पाहिलं.

"चोरानं पहिलं नाणं उलटलं, चेहरा पाहिला. हा नव्हे. दुसरं उलटलं. हा नव्हे. असं करत पाचव्याला थांबला. त्याला ओळ कुठली ते माहीत होतं, नाव माहीत नव्हतं किंवा वाचता येत नव्हतं, पण चेहरा पक्का ओळखीचा होता. तुम्ही रेश्माला सोडायला फाट्यावर गेलात तेव्हा कपाट उघडं होतं, सर, आणि घरात एकच माणूस होतं."

रतनबाई पुढं आल्या. हातातलं फडकं त्यांनी टेबलावर उलगडलं. आत नाणं होतं, दोन तुकडे झालेलं.

"म्या घेतलं," त्या म्हणाल्या. "ठिवनार हुते पुन्यांदा. पुंजाराम सोनारानं वर पत्रा धरून हातोडी मारली. तो म्हनला, काकू, नेहमीचा ठसा घ्या, पुरुष म्हंजी पुरुष. मी म्हनलं, न्हाई, चेहरा उठला पायजे. दोन घाव बसले आन् मोडलं. त्या बिचाऱ्याला काय ठावं आतून इतकं ठिसूळ आसंल."

"टाक?" सर म्हणाले. "अजिनाथचा?"

"वरीस भरत आलं हे मला कुटं ठावं हुतं? तुमी गेल्याचं सांगितलं, तीथ सांगितली का? दाराआडून हिचं बोलनं ऐकलं तवा कळलं, पुडच्या म्हैन्यात वरीस. आन् टाक बसवायला चेहरा न्हाई घरात. तुमी समदे जाळले. मी डोळे मिटून आठवाया बसले आन् मला त्येचं नाक आठवंना. आईला लेकाचं नाक आठवंना!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मग ध्यानात आलं. तो सातवीत हुता. तुमी मला हाक मारून ह्या वळीतलं नाणं दावलं हुतं. म्हनले, रतन, बघ, आपला अजिनाथ. तुमी हसत हुता तवा."

सर दोन तुकड्यांकडे बघत राहिले. रोहिणीला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी फक्त बोटानं तुकडे जवळ सरकवून पाहिले. चेहरा डोळ्याच्या मधोमध तुटला होता.

"सर," रोहिणी हळू म्हणाली, "पाचव्या खणातली मखमल झिजलेली आहे."

"रोज सकाळी," सर म्हणाले. "रतन मागच्या अंगणात असताना. रोज."

एकाच घरात दोन म्हातारी माणसं एकाच नाण्याजवळ एकमेकांपासून लपून गेली होती. रोहिणीला नोकरीत पुष्कळ गुन्हे पाहायला मिळाले होते. असलं तिनं कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची तिची इच्छा नव्हती. सरांनी खिशातली तक्रार काढली आणि दारातल्या रेश्मासमोर जाऊन तिच्या हातात दिली. तिनं ती न उघडता टराटरा फाडली. मग ती प्रथमच उंबरा ओलांडून आत आली.

"आई," ती रतनबाईंना म्हणाली, "तुमाला यांचा फोटो पायजे हुता? एवढंच?" तिनं पर्समधून मोबाईल काढला. "शेकड्यानं हायेत माज्याकडं. त्या दिशी दारात उभी हुते तवा पन हेच घिऊन उभी हुते. मला आत बोलावलं आसतं तर..."

रतनबाईंनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. पडद्यावर माणूस दिसताच त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी बोटानं त्याच्या गालावरून हात फिरवला, तशी ती फोटोची चौकट सरकून गेली आणि त्या घाबरून म्हणाल्या, "गेला का गं?"

"न्हाई आई, हाय. हा बघा आला माघारी."

रतनबाई मोठमोठ्यानं रडायला लागल्या. रेश्मा त्यांना धरून खाली बसली. मग सर जवळ आले आणि त्यांनी हात पुढं केला. रेश्मानं मोबाईल त्यांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा सारखा केला, फोटो उजेडाकडे धरला आणि नाण्याकडे बघावं तसं लक्षपूर्वक पाहिलं. पलंगावर उशीला टेकून एक माणूस बसला होता. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, गाल आत गेलेले, अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका मोठा. तो हसत होता. निम्मं नाक झिजलेल्या नाण्यावरून बादशहाचं नाव सांगणारे मच्छिंद्र थोरे सर तो चेहरा पुन्हा पुन्हा पाहत होते.

मग त्यांनी रेश्माकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "हा कोण?"

रेश्मानं रोहिणीकडे पाहिलं. रोहिणीनं मान फिरवली.

"हेच की, बाबा," रेश्मा म्हणाली. "शेवटच्या म्हैन्यातले."

सरांचा हात तसाच हवेत राहिला. रतनबाई जमिनीवरून उठल्या, त्यांनी मोबाईल नवऱ्याच्या हातातून काढून घेतला आणि सुनेला घेऊन त्या आत गेल्या.